सिकलसेल ‘कायमचा बरा’ झाल्याची बातमी आणि चार एकर धानाची शेती

गडचिरोली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वर्गातील मुले वर्तमानपत्रांतील विज्ञानविषयक कात्रणे आणून फळ्याशेजारी चिकटवतात. ‘सिकलसेल आता कायमचा बरा’, ‘स्मृतिभ्रंश रोखणारे औषध सापडले’, ‘खोलीच्या तापमानाला अतिवाहकता’, ‘एआयने प्रथिनांचे कोडे सोडवले’ अशी कात्रणे तेथे जमली आहेत, आणि त्यातले पहिले वाचून एका पालकाने सरांना गाठले. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा एसएस पॅटर्नचा आहे, म्हणजे आई-वडील दोघांकडून सदोष जनुक मिळून त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार झाला आहे, घरी चार एकर धानाची शेती आहे, आणि ती विकून हा उपचार मिळणार असेल तर विकावी का, असे त्यांनी विचारले. या पालकाला काय सांगावे आणि अशा बातम्यांतले खरे किती हे एरवीही कसे ओळखावे, अशी दोन उत्तरे सरांना हवी आहेत.

पहिल्याचे उत्तर लगेच देते: शेती विकू नये. ज्या उपचाराची ती बातमी आहे तो खरा आहे, त्याचे निकाल उत्तम आहेत, आणि तरीही या मुलासाठी आज त्याचा उपयोग नाही. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात हे समजले, तर दुसऱ्या प्रश्नाचेही बरेचसे उत्तर मिळते, म्हणून त्याच आजाराचा धागा धरून लिहिते. नागपुरात रक्तविकारांच्या रुग्णांमध्ये माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत आणि त्यांतली निम्मी तरी सिकलसेलने घेतली आहेत.

बातमीतल्या उपचाराचे नाव कॅसजेव्ही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, अमेरिकेने त्याला मान्यता दिली. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रावर आधारलेला, मान्यता मिळालेला हा जगातला पहिला उपचार होय. अमेरिकेतील मान्यतेच्या वेळी ४४ जणांवर तो झाला होता. त्यांतील ज्या ३१ जणांकडे पुरेसा काळ लक्ष ठेवता आले होते, त्यांच्यापैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने दुखण्याचा एकही तीव्र झटका आला नाही. ज्यांना वर्षाला दोन किंवा त्याहून अधिक वेळा असह्य वेदना होऊन रुग्णालय गाठावे लागत असे, अशाच रुग्णांना या चाचणीत घेतले होते, हे लक्षात घेतले तर हा आकडा थक्क करणारा आहे. मी स्वतः तो प्रथम वाचला तेव्हा दोनदा वाचला.

आता बातमीच्या मथळ्यात न मावलेले भाग पाहू. मान्यता बारा वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी होती. आपला मुलगा नऊ वर्षांचा आहे. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी गोळा करून कारखान्यात पाठवाव्या लागतात, तेथे त्यांचे संपादन व तपासणी होण्यात कित्येक महिने जातात, आणि त्या परत देण्यापूर्वी बुसल्फान या औषधाची जबर केमोथेरपी देऊन रुग्णाची जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. या केमोथेरपीने वंध्यत्व येऊ शकते, तोंडात व अन्ननलिकेत फोड येतात, आणि नव्या पेशी रुजेपर्यंत चार ते सहा आठवडे रुग्णालयात निर्जंतुक खोलीत राहावे लागते. उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक, आणि रुग्णालयाचा खर्च त्यात धरलेला नाही. चार एकर धानाच्या बांध्या विकून हे गणित कोठेच पोहोचत नाही. शिवाय ‘कायमचा’ हा शब्द संशोधकांचा नव्हे. अशा रुग्णांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवले जाणार आहे, ते याच कारणाने की त्यांच्यापैकी पहिल्यालाही हा उपचार २०१९ मध्ये मिळाला आहे आणि त्यापुढचे अजून कोणी पाहिलेले नाही.

हा उपचार चालतो कसा, हे वर्गात शिकवण्याजोगे आहे. सिकलसेलचे कारण एखाद्या शालेय धड्याइतके नेमके आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, प्राणवायू सुटला की हे सदोष रेणू एकमेकांना चिकटून दोरखंड बनतात, आणि गोल मऊ रक्तपेशी विळ्यासारखी ताठर होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याला ‘रेणूचा आजार’ म्हटले, आणि व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या एका अमिनो आम्लाचा बदल दाखवून दिला. म्हणजे दोष नेमका कोठे आहे हे माहीत झाल्यापासून तो जनुकाच्या पातळीवर हाताळण्याचा उपचार मिळेपर्यंत पासष्टहून अधिक वर्षे गेली.

मधल्या काळात काय घडत होते? १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक साधे निरीक्षण नोंदवले होते: सिकलसेल घेऊन जन्मलेल्या अर्भकांच्या रक्तपेशी पहिले काही महिने विळ्याच्या आकाराच्या होत नाहीत. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते, जन्मानंतर ते हळूहळू बंद होते आणि प्रौढ प्रकाराचे सुरू होते. गर्भीय हिमोग्लोबिन चालू राहिले तर आजार दबलेला राहतो, हा तर्क तेथून निघाला. पण ते बंद करणारी कळ कोणती, हे कळायला २००८ साल उजाडले. हजारो निरोगी माणसांच्या जनुकांची तुलना करताना बीसीएल११ए या जनुकाकडे बोट गेले, आणि पुढे २०१३ मध्ये असे दिसले की लाल पेशी तयार करणाऱ्या वंशातच काम करणारा एक छोटा नियंत्रक तुकडा त्याच्या आत आहे. कॅसजेव्ही नेमका तो तुकडा तोडते. सिकलसेलचा मूळ दोष तसाच राहतो, जुने बंद झालेले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होते, आणि ते दोरखंड बनू देत नाही. अर्भकांकडे बारकाईने पाहिल्यावर लिहिलेल्या चार ओळी पंचाहत्तर वर्षांनी औषध झाल्या, आणि मथळ्यात मात्र सारे काल सकाळी घडल्यासारखे वाटते.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तिच्यामुळेच नीट समजले. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने सिकलसेलसाठी एकाच महिन्यात दोन नव्या औषधांना मान्यता दिली. अनेक दशके हायड्रॉक्सीयुरिया या जुन्या औषधाशिवाय हाती काही नसलेल्या आमच्यासारख्यांना तो सण होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात रुग्णांच्या पालकांच्या एका मेळाव्यात मी या दोन्ही औषधांविषयी फार उत्साहाने बोलले. ‘थोडे थांबा, आपल्याकडेही येतील,’ असे मी म्हटल्याचे एका आजोबांनी दोन वर्षांनी मला आठवण करून दिले.

त्यांतले पहिले औषध क्रिझानलिझुमॅब. १९८ रुग्णांच्या चाचणीत दुखण्याचे झटके वर्षाला सुमारे तीनवरून दीडच्या थोडे वर, म्हणजे ४५ टक्क्यांनी, कमी झाले होते. संख्या लहान होती, पण चाचणी सोडत पद्धतीने गट पाडून, रुग्ण व डॉक्टर दोघांपासून औषध लपवून केली होती आणि अशा चाचणीवर विश्वास ठेवणे चुकीचे नव्हते. त्यानंतर मोठी चाचणी झाली, आणि २०२३ मध्ये तिचा निकाल आला: औषध आणि तुलनेसाठी दिलेले बनावट औषध (दिसायला तसेच, पण आत औषध नसलेले) यांच्यात फरक दिसला नाही. त्याच वर्षी युरोपने मान्यता मागे घेतली.

दुसरे व्हॉक्सेलोटर. त्याची गोष्ट अधिक बोधप्रद आणि अधिक दुःखद आहे. २७४ रुग्णांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांचे हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून अधिक वाढले, तर बनावट औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. एवढा स्वच्छ फरक वैद्यकात क्वचित दिसतो, आणि त्यावरच घाईची मान्यता मिळाली. मात्र वाढले होते ते प्रयोगशाळेच्या कागदावरील हिमोग्लोबिन. झटके कमी होतात का, माणसे अधिक जगतात का, हे नंतर पाहायचे ठरले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने हे औषध जगभरातून परत घेतले, कारण एकूण माहितीत झटक्यांचा आणि मृत्यूंचा तोल औषधाच्या विरुद्ध जाताना दिसला. कारण अजून वादाचे आहे. माझ्या मते संभाव्य स्पष्टीकरण असे की हे औषध हिमोग्लोबिनला प्राणवायू घट्ट धरून ठेवायला लावते, आणि जो रेणू प्राणवायू सोडायला नाखूष आहे तो वाढल्याने ऊतींचा श्वास वाढतोच असे नाही. पण हे शहाणपण मला नंतर सुचले. त्या मेळाव्यात मी ५१ आणि ७ हेच आकडे फळ्यावर लिहिले होते.

तेव्हापासून कोणतीही बातमी आली की मी दोन गोष्टी शोधते: मोजले काय, आणि ते दुसऱ्या कोणी पुन्हा मोजले का. रुग्णाला जे हवे असते, म्हणजे वेदना नसलेले दिवस, शाळेतली हजेरी, आयुष्याची वर्षे, ते थेट मोजले आहे की त्याच्या जागी उभी केलेली एखादी खूण मोजली आहे? कॅसजेव्हीच्या चाचणीत झटके मोजले होते, व्हॉक्सेलोटरच्या चाचणीत मान्यतेचा आधार हिमोग्लोबिन होते. दोन्ही बातम्या वर्तमानपत्रात सारख्याच आकाराच्या अक्षरांत छापल्या गेल्या.

फळ्याशेजारची बाकीची कात्रणे याच नजरेने पाहता येतील. स्मृतिभ्रंशाचे कात्रण बहुधा लेकानेमॅबचे असावे, ज्याला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ‘२७ टक्क्यांनी ऱ्हास मंदावला’ हे वाक्य खरे आहे. चाचणी १,७९५ जणांची, दीड वर्षाची. ऱ्हास मोजण्याची मोजपट्टी अठरा गुणांची होती, तीवर बनावट औषध घेणारे १.६६ गुणांनी घसरले आणि औषध घेणारे १.२१ गुणांनी. फरक ०.४५ गुणांचा. या २७ टक्क्यांचा अर्थ ‘शंभरातील २७ बरे झाले’ असा घरोघरी लावला जातो, आणि तो पूर्ण चुकीचा आहे: सरासरीने दोन्ही गट घसरले, औषध घेणारे थोडे सावकाश घसरले. त्याबरोबर औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूत सूज दिसली. मी मेंदूविकारांची तज्ज्ञ नाही, आणि एवढ्या फरकासाठी दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध घ्यावे का, हे रुग्णाच्या कुटुंबानेच त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. टक्केवारी कशाची आहे हे विचारण्याचा हक्क मात्र वर्गातल्या मुलांनाही आहे.

अतिवाहकतेचे प्रकरण माझ्या क्षेत्रापासून दूरचे, तरी सांगण्याचा मोह आवरत नाही. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी एलके-९९ नावाचा शिसे, तांबे आणि फॉस्फरस असलेला पदार्थ तयार केल्याचे जाहीर केले. साध्या दाबाला, उकळत्या पाण्याहूनही अधिक तापमानापर्यंत विजेला शून्य रोध करणारा पदार्थ, असा तो दावा होता. लेख समीक्षणाआधीच इंटरनेटवर आला होता. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ भाजायला घेतला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेही घेतला, आणि कोठेच अतिवाहकता दिसेना. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांना त्या लेखातील १०४.८ अंश सेल्सियस हे तापमान ओळखीचे वाटले, कारण त्याच सुमारास तांब्याच्या सल्फाइडची रचना बदलते आणि त्याचा रोध एकदम पडतो. नमुन्यातली ही अशुद्धी अतिवाहकतेचा वेश घेऊन आली होती. जर्मनीतील एका संस्थेने शुद्ध स्फटिक बनवला, तेव्हा तो तर चक्क विद्युतरोधक निघाला. हे सारे सुमारे तीन आठवड्यांत मिटले, कारण पदार्थ कोणालाही काही दिवसांत बनवता येत होता.

मानसशास्त्रात ही सोय नाही. इच्छाशक्ती वापरली की इंधनासारखी संपत जाते, ही १९९८ पासून पाठ्यपुस्तकांत गेलेली कल्पना २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर तपासली, तेव्हा २०१६ साल उजाडले होते आणि परिणाम शून्याच्या जवळ आला. त्याआधीच्या वर्षी मानसशास्त्रातील शंभर प्रयोग नव्याने करून पाहण्याचा मोठा उपक्रम प्रसिद्ध झाला होता. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण परिणाम दिसला होता, पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांत दिसला. काही जण हे सांगून त्या शास्त्राची टिंगल करतात. मला उलट त्यांचा आदर वाटतो, कारण आपल्याच घराची झडती घेण्याची हिंमत वैद्यकाच्या अनेक शाखांनी अजून दाखवलेली नाही. पुनरावृत्तीला भट्टीत तीन आठवडे लागले, क्रिझानलिझुमॅबला पहिल्या चाचणीनंतर सहा वर्षे, इच्छाशक्तीला अठरा. बातमी किती ताजी आहे यावरून तिच्यावर विसंबावे की नाही हे ठरत नाही. त्या क्षेत्रात खातरजमेला किती काळ लागतो आणि तो काळ उलटला आहे का, यावरून ठरते.

एआय आणि प्रथिने यांविषयी थोडक्यात. अल्फाफोल्ड या प्रणालीने २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या आकारांचे अंदाज उपलब्ध करून दिले, त्यामागच्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, आणि तो योग्यच होता. ज्या रचनेवर पूर्वी एखाद्या विद्यार्थ्याची पीएचडीची वर्षे खर्च होत, तिचा चांगला अंदाज आता काही मिनिटांत मिळतो. पण हिमोग्लोबिनचा आकार मॅक्स पेरुट्झ यांनी अल्फाफोल्डच्या कितीतरी आधी उलगडला होता आणि १९६२ मध्ये त्यासाठी नोबेल मिळवले होते. तरी सिकलसेलच्या रुग्णाला त्यानंतरही दशकानुदशके सलाइन आणि वेदनाशामक इंजेक्शन एवढेच मिळत राहिले.

मग पुढे आशेने पाहावे असे काय आहे? माझे लक्ष एका प्रश्नावर खिळलेले आहे: केमोथेरपी आणि निर्जंतुक खोली टाळून, केवळ इंजेक्शनने अस्थिमज्जेतल्या पेशींपर्यंत जनुक-संपादनाची सामग्री पोहोचवता येईल का. हा प्रश्न जीवशास्त्राइतकाच पदार्थविज्ञानाचा आहे. कोविडच्या एमआरएनए लशींमध्ये मेदाचे जे अतिसूक्ष्म थेंब वापरले, तेच येथे वाहक म्हणून वापरता येतात. अडचण अशी की शिरेतून दिलेले हे थेंब रक्तातले एक प्रथिन अंगावर ओढून घेतात, आणि त्या प्रथिनाचे स्वागत यकृताच्या पेशी करतात, त्यामुळे बहुतेक माल यकृतातच उतरतो. यकृताचा आजार असेल तर ते वरदान ठरते. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात यकृतातील एका विकराच्या दुर्मीळ जन्मजात कमतरतेने आजारी असलेल्या एका अर्भकासाठी, फक्त त्याच्या एकट्याच्या जनुकातील चुकीसाठी, सहा महिन्यांच्या आसपास औषध तयार करून ते या थेंबांतून दिले गेले, आणि बाळाची प्रकृती सुधारली. एका बाळाची हकीकत ही चाचणी नव्हे. तरीही मी ती पुन:पुन्हा वाचते, कारण थेंबाला मज्जेकडे जाण्याची वाट दाखवता आली तर अठरा कोटींच्या हिशेबातले सर्वांत महागडे आकडे गळून पडतील.

आपल्या देशातही हालचाल आहे. दिल्लीच्या सीएसआयआर–आयजीआयबी या संस्थेने विकसित केलेला सिकलसेलवरील क्रिस्पर उपचार ‘बिरसा १०१’ या नावाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला आणि ते तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले गेले. ही बातमीही फळ्याशेजारी लागली असेल. मला तिच्याबद्दल आशा वाटते, आणि ती निराधार नाही. रक्ताच्या काही कर्करोगांवर पेशींत जनुकीय बदल करून दिला जाणारा कार-टी उपचार परदेशात तीन-चार कोटींना मिळत होता, तो आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून येथे घडवला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि त्याची किंमत परदेशातल्या किमतीच्या छोट्या हिश्शावर आली. तसे सिकलसेलमध्ये घडू शकते. पण तंत्रज्ञान हस्तांतरित झाले याचा अर्थ उपचार उपलब्ध झाला असा नव्हे. रुग्णांवरील चाचण्यांचे प्रसिद्ध निकाल हाती आले की मी त्यांतही आधी हेच पाहीन की झटके मोजले आहेत का.

आता त्या मुलाकडे परत येते, कारण कात्रणांत कधीच न दिसणारे शोध त्याच्या कामाचे आहेत. १९८६ मध्ये २१५ लहान मुलांवर झालेल्या चाचणीत रोज तोंडाने पेनिसिलिन दिल्याने जिवावर बेतणारे न्यूमोकॉकस या जिवाणूचे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले, आणि इतका फरक दिसल्यावर चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवावी लागली. १९९५ मध्ये हायड्रॉक्सीयुरियाने प्रौढांतील झटके जवळपास निम्मे झाल्याचे सिद्ध झाले. २०१९ मध्ये आफ्रिकेतील चार देशांत ६०६ मुलांवरील अभ्यासाने ते औषध गरीब, मलेरियाग्रस्त भागांतही सुरक्षितपणे देता येते हे दाखवले. हे औषधही गर्भीय हिमोग्लोबिनच वाढवते. अठरा कोटींचा उपचार ज्या दरवाजाने आत जातो, त्याच दरवाजाची ही साधी किल्ली आहे.

आणि एक शोध तर आपल्या नागपुरातला आहे. येथील डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, तीव्र आजार असलेल्या साठ मुलांना सोडतीने दोन गटांत विभागले आणि एका गटाला वजनाच्या दर किलोमागे दहा मिलिग्रॅम एवढाच कमी, कायम ठरावीक डोस दिला. त्या गटातील झटके वर्षाला सुमारे बारांवरून एकाहूनही खाली आले. बनावट औषधाच्या गटात ते दहाच्या आसपासच राहिले. डोस कमी म्हणजे रक्ततपासण्यांचा भार कमी, आणि म्हणून तालुक्याच्या ठिकाणी देता येण्याजोगा. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भीय हिमोग्लोबिन मुळात जास्त असते, त्यामुळे ‘आपला सिकलसेल सौम्य’ असे सर्रास म्हटले जाते. विदर्भातील वॉर्डात एक रात्र काढणारा माणूस ते म्हणणार नाही. या चाचणीचे कात्रण कोणत्याही फळ्याशेजारी पाहिल्याचे मला आठवत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्यांची संख्या मोठी झाली आहे, पण तपासणीचे कार्ड हातात पडलेल्या मुलाला महिनोन्महिने हायड्रॉक्सीयुरिया सुरूच झालेले नाही, असे माझ्या बाह्यरुग्ण विभागात आजही आठवड्याला घडते. काही वेळा औषध संपलेले असते, काही वेळा ‘कॅन्सरची गोळी’ म्हणून घरच्यांनी बंद केलेले असते. हे औषध मुळात कर्करोगासाठी वापरले जात असे हे खरे. त्याचा डोस येथे वेगळा आहे, आणि आशाताईंनी घरी बसून हे नीट समजावले की बहुतेक पालक ऐकतात.

तेव्हा सर, त्या पालकांना पुढील गोष्टी सांगाव्यात. मुलगा हायड्रॉक्सीयुरिया रोज घेतो का आणि गेल्या तीन महिन्यांत त्याची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, झाली का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. सुरूच नसेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. न्यूमोकॉकसची लस झाली आहे का ते पाहावे. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला तर घरी वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. आणि वर्षातून एकदा मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी. रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघाताचा धोका ९२ टक्क्यांनी घटतो, हे १९९८ पासून माहीत आहे. ही तपासणी सगळीकडे मिळत नाही; नागपूरला यावे लागले तरी यावे, त्याला शेती विकावी लागत नाही.

कायमचा बरा होण्याचा एक मार्ग आजही आहे, तोही सांगते. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळली तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण करता येते. जगभरातील हजार रुग्णांच्या नोंदीत पाच वर्षांनी ९१ टक्के रुग्ण जिवंत होते आणि आजार परतलेला नव्हता, लहान वयात तर निकाल त्याहून चांगले होते. प्रत्येक सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि भावंड वाहक, म्हणजे एएस पॅटर्नचे असले तरी ते दाता होऊ शकते. धोका शून्य नाही आणि खर्चही लाखांत जातो, म्हणून आधी तपासणी, मग योजना व धर्मादाय निधी यांची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांकडे, आणि त्यानंतरच निर्णय, हा क्रम ठेवावा. आपण पत्रात मुलाला एक धाकटी बहीण असल्याचे लिहिले आहे. पुढच्या वेळी येताना तिलाही बरोबर आणावे. एचएलए जुळणीसाठी, म्हणजे तिची मज्जा त्याच्याशी जुळते का हे पाहण्यासाठी, तिचे थोडेसे रक्त पुरते.